आधी यादी करा

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महापालिकेनं उभारलेलं दादासाहेब फाळके स्मारक आहे. जागा २९ एकर. बाग, संगीतावर नाचणारं कारंजं, प्रदर्शनाचं दालन, मुलांना पाण्यात खेळायची सोय. पहिली काही वर्षं तिथं झुंबड उडाली, मग देखभाल आटली, मग दुरवस्थेच्या बातम्या छापून आल्या, आणि त्यानंतर नूतनीकरणाच्या घोषणा सुरू झाल्या. या सगळ्यात फाळक्यांचं काम कुठं आहे? ज्या माणसानं लहानमोठे मिळून शंभरावर चित्रपट केले, त्याचं आज शिल्लक असलेलं काम एका बैठकीत बघून संपतं. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिलं आणि शेवटचं अशी दोन रिळं आहेत. तीही १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असं अभ्यासक सांगतात. ‘लंकादहन’चे तुकडे आहेत. ‘श्रीकृष्णजन्म’चा काही भाग आहे. ‘कालियामर्दन’ तेवढा बराचसा हाती लागला. बाकी फुटकळ पट्ट्या. जिथं त्या माणसाचं कामच राहिलं नाही, तिथं त्याच्या नावाची बाग फुलवायला आपल्याला लाज कशी वाटत नाही?

मी जुने कागद आणि छायाचित्रं सांभाळण्याचं, दुरुस्त करण्याचं काम करते. माझ्या टेबलावर येतं ते वाचलेलं असतं. जे आलं नाही, त्याचा हिशेब या राज्यात कुणीच ठेवत नाही, आणि माझा सगळा राग त्याचाच आहे. म्हणून माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगून टाकते. चित्रकार, शिल्पकार, चित्रपटकार गेला की त्याच्या नावाचा पहिला रुपया त्याच्या कामाच्या जागेतल्या वस्तूंची यादी करणाऱ्या माणसाच्या पगारावर खर्च झाला पाहिजे. ती यादी पुरी होईपर्यंत त्याच्या नावानं एक वीटसुद्धा रचली जाता कामा नये.

फाळक्यांची जी काही रिळं उरली ती कशी उरली, ते नीट बघा. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पुढं पी. के. नायर तिथं नोकरीला लागले. ते फाळक्यांच्या घरच्यांपर्यंत पोचले, घरात पडलेले डबे मागून घेतले, उघडले, आतल्या पट्ट्या ताडून पाहिल्या, कुठला तुकडा कुठल्या चित्रपटाचा हे लावत बसले. ‘कालियामर्दन’मध्ये कृष्ण झालेली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी सुरुवातीला नुसत्या चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते. शंभर वर्षांपूर्वीची ती चिमुरडी आज आपल्याला दिसते, त्याचं सगळं श्रेय कुणीतरी ते डबे मागायला गेलं याला आहे. नायर गेले नसते तर त्या डब्यांचं काय झालं असतं, हेही ठाऊक आहे. जुन्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. रिळं वजनावर घेऊन त्यातली चांदी काढणारे लोक होते, आणि उरलेल्या पट्टीच्या बांगड्या, पिशव्या करणारेही होते. आपल्याकडे मूकपटांच्या काळात तेराशेहून अधिक चित्रपट तयार झाले. त्यांतले पूर्ण स्वरूपात बघता येणारे बोटांवर मोजावे लागतात. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ चा. त्याची एकही प्रत नाही.

नायरांनी पुढं सुमारे बारा हजार चित्रपट गोळा केले. लोक त्यांना वेडा माणूस म्हणतात, ध्येयवेडा म्हणतात, त्यांच्यावर माहितीपटही निघाला. मला हे कौतुक अर्धवट वाटतं. वेड होतंच, पण त्या वेडाला एक पद होतं, महिन्याचा पगार होता, प्रवासाचा भत्ता होता, आणि ‘हे आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळू’ असं म्हणण्याचा सरकारी अधिकार होता. हे काढून घेतलं असतं तर तोच माणूस मित्रांच्या मैफलीत जुन्या सिनेमांच्या गोष्टी सांगणारा हौशी म्हणून संपला असता. आज महाराष्ट्रात चित्रकारांसाठी, शिल्पकारांसाठी असं पद कुठं आहे? कलावंताच्या घरी त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात जाऊन दार वाजवणं ही कुणाच्या नोकरीची जबाबदारी आहे? कुणाच्याही नाही. संस्कृतीवर बोलायला मंत्री आहेत, समित्या आहेत, पुरस्कार आहेत, जयंतीला हार आहेत. दार वाजवणारा माणूस नाही.

शिवाय गोळा करून काम संपत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेटच्या फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि हजारो रिळं गेली. नायट्रेट फिल्म उष्णतेनं पेटते आणि एकदा पेटली की पाण्यानं विझत नाही, हे जगभर सगळ्यांना ठाऊक होतं. तिला थंड, कोरडी, हवा खेळती असलेली जागा लागते आणि रोज तिच्याकडे बघणारा माणूस लागतो. फीत कापून असलं रोजचं काम होत नाही. पण आपल्या सार्वजनिक पैशाला फीत कापण्याचीच सवय लागली आहे. बांधकामाला एकदाच निधी, तोही कंत्राटदाराला. देखभालीला दर महिन्याला निधी म्हटलं की फाइल पुढं सरकत नाही.

कुणी विचारेल, कलाकृती सांभाळली की पुरे, कामाच्या खोलीचं एवढं काय? याचं उत्तर फाळक्यांनी स्वतः देऊन ठेवलं आहे. चित्रपट कसा तयार होतो हे लोकांना कळावं म्हणून त्यांनी आपल्याच कारखान्यावर एक छोटा चित्रपट केला. त्याचा तुकडा उरला आहे. त्यात फाळके कामात दिसतात, नटांना सांगताना, फिल्मची पट्टी हातात धरून तपासताना. ज्या माणसाला १९१७ च्या सुमारास कळलं होतं की चित्रपटाइतकाच त्यामागचा कारखाना दाखवण्याजोगा आहे, त्या माणसाच्या कारखान्यातलं सामान आपण राखलं नाही. १९१२ साली लंडनला जाऊन त्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, परत आल्यावर वाटाणा रुजून त्याचा वेल कसा वाढतो हे एकेक चित्र घेऊन दाखवलं आणि त्या जोरावर भांडवल उभं केलं. दादरच्या घरात सरस्वतीबाई रात्री अंधारात फिल्मला भोकं पाडत होत्या, रसायनं कालवत होत्या, आणि दिवसा साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधत होत्या. भारतीय सिनेमाच्या पहिल्या तंत्रज्ञ बाईचं हे काम आज आपल्याला कशावरून माहीत आहे? आठवणींवरून, चरित्रांवरून. कुठल्या रसायनाचं प्रमाण किती होतं, एका रिळाला किती खर्च आला, कुणाला किती पगार होता, कुठला प्रयोग फसला, हे ज्या वह्यांत लिहिलं जातं त्या वह्या म्हणजेच कलेचा इतिहास. चित्रपट हे फळ आहे, वही हे मूळ आहे. दादरला रस्त्याला फाळक्यांचं नाव आहे. १९६९ पासून त्यांच्या नावानं देशातला सर्वांत मोठा चित्रपट-सन्मान दिला जातो. या नावाला आपण पन्नासहून अधिक वर्षं वापरून घेतलं.

कोल्हापूरचंही तेच. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास तिथल्याच भट्टीत, तिथल्याच लेथवर कॅमेरा घडवला. चित्रकार, शिल्पकार, नेपथ्यकार, जाहिरातीची भित्तिपत्रकं रंगवणारा, यंत्रं जुळवणारा असा हा माणूस. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून व्ही. शांताराम निघाले, प्रभात फिल्म कंपनीची मंडळी निघाली. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं स्मारक आहे, कोल्हापूरकर तिथं जमतात, हार घालतात, आणि त्यांच्या मनातल्या आदराबद्दल मला शंका नाही. पण १९२५ चा ‘सावकारी पाश’, ज्यात शांतारामांनी कर्जानं गावाबाहेर फेकलेला शेतकरी उभा केला, जो भारतीय वास्तववादी सिनेमाचा पाया म्हणून प्रत्येक पुस्तकात सांगितला जातो, त्याची प्रत नाही. म्हणजे आम्ही जे शिकवतो तेच आम्ही पाहिलेलं नाही. मी शिकवते त्या वर्गात विद्यार्थी विचारतात, ‘मॅडम, तुम्ही तरी बघितलाय का?’ काय सांगणार?

ही जुनी गोष्ट झाली असं म्हणून सुटका करून घेऊ नका. हेच आजही होत आहे, आणि मी ते घरात बसून पाहिलं आहे. एका चित्रकाराच्या पश्चात त्यांच्या पत्नीनं मला बोलावलं. आयुष्यभर पाठ्यपुस्तकांची चित्रं, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटकांचे पडदे, कॅलेंडरं करणारा कष्टाळू माणूस. इमारत पुनर्विकासाला गेलेली, घर रिकामं करायची तारीख ठरलेली, आणि बिल्डर देणार त्या भाड्यात मिळालेलं पर्यायी घर म्हणजे दीड खोली. काकू म्हणाल्या, “मोठी चित्रं ह्यांच्या मित्रांनी नेली. ओळखीचा गॅलरीवाला येऊन काही घेऊन गेला. हे एवढं राहिलंय. ह्याला कुणी हात लावत नाही.” हे एवढं म्हणजे पोटमाळा भरून होतं. रेखाटनांच्या वह्या, नाकारलेल्या मुखपृष्ठांचे कच्चे आराखडे, प्रकाशकांची पत्रं, रंग कसे मिसळले त्याच्या नोंदी, छपाईत कुठला रंग बुडतो याच्या चिठ्ठ्या, पाठ्यपुस्तकाच्या कामासाठी खेड्यात जाऊन काढलेले फोटो, मिळालेल्या आणि बुडालेल्या पैशांचे हिशेब. मराठी मुलांच्या चार पिढ्यांनी ज्या चित्रांतून गाय, विहीर, बाजार, आजी पाहिली, ती चित्रं कशी झाली त्याचा सगळा कागद तिथं होता. कसर लागलेली, एका कोपऱ्यात गळतीचं पाणी मुरलेलं.

मी एका सार्वजनिक संस्थेत फोन केला. ‘प्रस्ताव द्या, समितीपुढं ठेवू.’ समिती कधी बसणार? ‘सदस्यांच्या नेमणुका व्हायच्यात.’ दुसऱ्या ठिकाणी विचारलं, ते म्हणाले चित्रं असतील तर बघू, कागद ठेवायला जागा नाही. घर सोडायची तारीख समितीसाठी थांबत नाही. आम्ही दोघी-तिघींनी ट्रंका भरल्या, जे नेता येईल ते नेलं. उरलेलं रद्दीवाल्यानं किलोवर नेलं. काकू जिन्यात उभ्या राहून त्याला पोती उतरवायला मदत करत होत्या, कारण रात्रीपर्यंत खोली मोकळी करायची होती.

‘मोठी चित्रं मित्रांनी नेली’ या वाक्यावर मला थांबायचं आहे, कारण आपल्या कलाजगताचा सगळा खोटेपणा त्यात आहे. कलावंत जाताच तिथं सर्वांत आधी पोचतात ते सही असलेली चित्रं ओळखणारे. श्रद्धांजली सभेत ज्यांचा कंठ दाटून येतो, त्यातल्या काहींच्या घरी पंधरा दिवसांत ‘सरांची आठवण’ म्हणून एक कॅनव्हास भिंतीवर येतो. त्याची पावती नसते, नोंद नसते, कुटुंबाला त्याचा बाजारभाव सांगितलेला नसतो. मागं राहते ती वही, साचा, निगेटिव्ह, पत्र. ज्याला विकत घेणारा नाही ते सगळं. वीस वर्षांनी त्याच चित्रकाराच्या नावानं बाजारात खोटी चित्रं येतात, आणि तेव्हा हीच मंडळी विचारतात की खरं-खोटं ठरवायला काही आधार आहे का. आधार होता. तो तुम्ही त्या घरात पायाखाली तुडवत पुढं गेलात. खोटं चित्र पकडायचं तर कच्चं रेखाटन लागतं, रंगाच्या दुकानाचं बिल लागतं, चित्र कुणाला दिलं त्याची नोंद लागते. शिल्पाच्या बाबतीत तर याहून वाईट. प्लास्टरचा मूळ साचा आणि मातीकामाचे फोटो गेले की ब्राँझच्या कितीही प्रती कुणीही ओतून विकाव्यात. शिष्यांनी आणि गॅलऱ्यांनी एवढं तरी करावं. नेलेल्या प्रत्येक वस्तूची लेखी पोच घरच्यांना द्यावी. ही फार मोठी मागणी नाही, आणि ती मान्य करायला जो नाखूश असेल त्याच्या गुरुभक्तीवर मी विश्वास ठेवणार नाही.

दुसरा खोटेपणा म्हणजे वारसांना शिव्या घालणं. राज कपूरांच्या चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ ला आग लागली. १९४८ पासूनच्या त्या जागेत जपलेले पोशाख, दागिने, वस्तू जळाल्या, आणि पुढं कुटुंबानं जागा विकायचं ठरवलं. तेव्हा केवढा हळहळीचा पूर आला! वारसा विकला, बापाचं नाव विकलं. मी विचारते, त्याआधीच्या सत्तर वर्षांत त्या पोशाखांकडे सार्वजनिक ठेवा म्हणून किती जणांनी पाहिलं होतं? ज्या आवारात रोजच्या चित्रीकरणाचे दिवे तापत होते त्याच आवारात ते ठेवलेले होते. एका कुटुंबानं मुंबईच्या जमिनीचा कर भरावा, छप्पर शाकारावं, पहारेकरी ठेवावा, आणि हे सगळं तुमच्या-माझ्या आठवणींसाठी फुकट करावं, ही अपेक्षा म्हणजे निव्वळ फुकटेपणा आहे. राज कपूरांच्या घरच्यांना परवडत नाही तिथं गिरगावातल्या किंवा सांगलीतल्या एखाद्या चित्रकाराच्या विधवेला परवडेल कसं? जो ठेवा सगळ्यांचा म्हणवता, त्याचा खर्चही सगळ्यांनी उचला. नसेल उचलायचा तर वारसांनी विकलं म्हणून रडू नका.

कसं करायचं असतं, ते जगात करून दाखवलेलं आहे. फ्रान्सिस बेकन हा चित्रकार १९९२ साली गेला. लंडनमधल्या रीस म्यूजवरची त्याची खोली म्हणजे उकिरडा होता. रंगाच्या वाळलेल्या गोळ्यांनी माखलेल्या भिंती, फाटके फोटो, चिरून टाकलेले कॅनव्हास, पुस्तकं, रिकाम्या बाटल्या. त्याच्या वारसानं १९९८ साली ती खोली डब्लिनच्या ह्यू लेन कलादालनाला दिली. दालनानं पहिल्या दिवशी ट्रक नाही पाठवला. पुरातत्त्वज्ञ बोलावले. उत्खननात जमिनीचा एकेक थर उतरवतात तशी त्यांनी ती खोली मोजली, आराखडे काढले, कुठली वस्तू कुठल्या वस्तूखाली होती ते नोंदवलं, आणि मग सात हजारांवर वस्तू, भिंती, दारं, फरशी, छत, धूळसुद्धा हलवली. २००१ साली डब्लिनमध्ये ती खोली जशीच्या तशी उघडली. त्यातून काय मिळालं? बेकन म्हणायचा, मी आधी रेखाटनं करत नाही. खोलीत रेखाटनं सापडली. कुठल्या छायाचित्रावरून कुठला चेहरा आला हे कळलं. म्हणजे यादीनं खुद्द कलावंताचं म्हणणं तपासून पाहिलं. पॅरिसमध्ये शिल्पकार ब्रांकुशीनं १९५६ साली, मरणाच्या आदल्या वर्षी, आपला स्टुडिओ फ्रेंच सरकारला लिहून दिला तो या अटीवर की तो होता तसाच मांडला जाईल, कारण त्याच्या लेखी शिल्पांचं एकमेकांशेजारी असणं हेही शिल्पच होतं.

लगेच उत्तर येतं, त्यांच्याकडे पैसा आहे. हे उत्तर मी खूप ऐकलं आहे आणि ते खोटं आहे. २९ एकरांवर कारंजी बसवणाऱ्यांकडे पैसा नव्हता? आणि पैशावाचूनही जे झालं ते बघा. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे. हे करमरकर म्हणजे १९२८ साली पुण्यातला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडवणारे. त्यांच्याच घरात, अंगणात त्यांची शिल्पं उभी आहेत. कोळीण आहे, म्हैस आहे, घरची माणसं आहेत. ज्या गावच्या माणसांना बघून ती घडली, त्याच गावात आपण ती बघतो, आणि हे कुटुंबानं राखलं. मुंबईत चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले. त्यांची मुलगी अंबिका, स्वतः जे. जे.मध्ये शिकलेली चित्रकार, २००९ साली वारली. वडिलांच्या पश्चातली पासष्ट वर्षं त्यांच्या चित्रांचा ठेवा तिच्या हातात होता. पुढं एका खासगी संग्रहानं तो घेतला आणि २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात धुरंधरांचं मोठं प्रदर्शन होऊ शकलं. प्रदर्शनाला गर्दी झाली, लोक हरखून गेले. पण एका बाईच्या आयुष्यभराच्या राखणीवर एका शहराचा कलेतिहास टिकतो ही अभिमानाची गोष्ट नाही. तिच्या जागी कंटाळलेला, कर्जात बुडालेला किंवा फक्त आजारी असलेला वारस असता तर आज धुरंधर म्हणजे चार पोस्टकार्डं आणि कलामंदिरातल्या वर्षांचं त्यांचं आत्मचरित्र, एवढेच असते.

कायद्याकडे बोट दाखवाल तर तोही बघून ठेवा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू, पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित, आणि राजा रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ अशा मोजक्या नऊ कलावंतांचं काम देशाबाहेर जाऊ नये, ही काळजी तो मुख्यतः घेतो. धुरंधर त्यात नाहीत, शिल्पकार म्हात्रे नाहीत, करमरकर नाहीत, चित्रकार गायतोंडे नाहीत. आणि जे आहेत त्यांच्याही कामाच्या खोलीबद्दल कायदा काही बोलत नाही. बंदरावर पहारा आहे, घरातल्या वाळवीवर नाही. ज्या १९७२ साली हा कायदा झाला, त्याच साली मळवलीचा रविवर्मा छापखाना आगीत बेचिराख झाला. भारताच्या देवघरांतले देव जिथून छापून निघाले, जिथं तरुण फाळक्यांनी छपाईचं काम केलं, तो छापखाना. पुढं कलानिधी ठरलेल्या चित्रकाराच्या नावाचा कारखाना गेला आणि कायद्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

आता नवं औषध निघालं आहे, स्कॅनिंग. सगळं डिजिटल करून टाका म्हणजे झालं. स्कॅन करा, जरूर करा. पण मी अशी दप्तरं पाहिली आहेत की ज्यांचे फोटो काढून मूळ कागद फेकून दिले, आणि ते फोटो असलेली हार्ड डिस्क कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये बंद पडली. कुठला फोटो कुठल्या वहीचा, कितव्या पानाचा, याची नोंद नसेल तर दहा हजार फाइली असूनही हाती काही नाही. कागद जपण्याच्या नावाखाली पत्रं लॅमिनेट करणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, ते थांबवा. गरम प्लॅस्टिकमध्ये चिकटवलेला कागद धडपणे सोडवून काढता येत नाही. फाटक्या चित्राला लावलेली चिकटपट्टी पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात उतरतो. माझा निम्मा वेळ अशा प्रेमानं केलेल्या नासाडीवर जातो. चित्रपटांसाठी केंद्रानं वारसा अभियान काढलं, सुमारे ६०० कोटींचं, आणि त्यातून रिळांची दुरुस्ती होते आहे याचा मला आनंद आहे. मग चित्रकाराची वही आणि शिल्पकाराचा साचा यांनीच काय पाप केलं आहे?

राज्य सरकारनं मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथं प्रत्येकी दोन प्रशिक्षित माणसांची कायम पदं निर्माण करावीत. कंत्राटी नकोत, मानधनावरची नकोत. कलावंताच्या मृत्यूनंतर घरच्यांनी बोलावलं की आठवड्यात जायचं, खोलीचे फोटो काढायचे, यादी करायची, एक प्रत कुटुंबाला आणि एक सरकारी पुराभिलेखागाराला द्यायची, एवढंच त्यांचं काम. वस्तूंची मालकी कुटुंबाचीच राहील. ज्यांना घरात ठेवणं शक्य नाही त्यांच्यासाठी एक कोरडं, थंड गोदाम असावं, आणि जे ठेवतात त्यांना त्या खोलीपुरता मालमत्ता कर माफ असावा. पुनर्विकासाच्या करारात अशा दप्तराला घर तयार होईपर्यंत जागा देण्याची अट घालावी. कला महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या मुलांना या कामावर पाठवावं. एका शिल्पकाराच्या खोलीत महिनाभर वस्तूंना क्रमांक घालत बसलेला मुलगा वर्षभराच्या व्याख्यानांपेक्षा जास्त शिकेल, हे मी स्वतः शिकवून पाहिलेलं आहे. आणि कुठल्याही कलावंताच्या स्मारकाचा प्रस्ताव मंत्रालयात आला तर पहिल्या पानाला त्याच्या कामाची यादी जोडलेली असावी. यादी नसेल तर प्रस्ताव परत.

ज्यांच्या घरात असं दप्तर आज पडून आहे त्यांच्याशीही बोलायचं आहे, कारण सरकार उद्या हलेल असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. खोली आवरू नका. आवरण्याआधी चारही भिंतींचे, प्रत्येक फळीचे, प्रत्येक खणाचे फोनवर फोटो काढा. वह्या तारखेनं, आकारानं लावू नका, जशा गठ्ठ्यात आहेत तशाच राहू द्या. त्यांचा क्रमच पुष्कळ सांगतो. फिल्मचा डबा उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर तो बाकीच्या डब्यांपासून वेगळा, थंड जागी ठेवा आणि चित्रपट संग्रहालयाला कळवा. प्लास्टरचे साचे भिंतीलगत ओलीत ठेवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. फोटोंच्या मागं कोण, कुठं, कधी हे मऊ पेन्सिलीनं लिहा, बॉलपेननं नको. ज्यांना ते चेहरे ओळखू येतात अशी माणसं अजून हयात असतील तर याच महिन्यात त्यांच्याकडे जा. जो कुणी काही घेऊन जाईल त्याच्याकडून सही घ्या, मग तो कितीही जवळचा शिष्य असो. आणि सही केलेली मोठी चित्रं सगळ्यात शेवटी मोजा. त्यांना बाजारात किंमत आहे, ती कुणी रद्दीत देणार नाही.